सोमवारी एक रेघ, बुधवारी दोन



जानेवारी २०२२ मधली गोष्ट. आमच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेल्या एका विद्यार्थिनीचे मला पत्र आले. पत्र म्हणजे फोनवरचा मजकूरच, पण कागदावर उतरवला असता तर दोन पाने सहज भरली असती. तिने लिहिले होते ते थोडक्यात असे: "सर, सोमवारी सकाळपासून घसा खवखवत होता. शेजारच्या गल्लीत मूळच्या अलिबागकडच्या एक आजी राहतात, वय ७८. त्यांनी संध्याकाळी जेवायला बोलावले होते. जाण्यापूर्वी मी घरीच करोनाची चाचणी केली. एकच रेघ आली, म्हणजे करोना नाही. म्हणून गेले. तीन तास त्यांच्यासमोर बसले. बुधवारी अंग तापले, पुन्हा चाचणी केली, तर दोन रेघा! सोमवारचा संच बिघडलेला होता का? आणि आजींना काही झाले तर तो दोष माझा की संचाचा?"

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानाचा शिक्षक देऊ शकत नाही. पहिल्या प्रश्नाचे मात्र देऊ शकतो, आणि ते देण्यासाठी तुम्हाला शाळेत शिकवलेल्या दोन-तीन गोष्टी पुरतात: केशाकर्षण, प्रकाशाचे रंग आणि लॉगरिथम.

त्या काळी इंग्लंडमध्ये हे संच सर्वांना फुकट मिळत. एप्रिल २०२१ पासून तिथल्या सरकारने प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा घरच्या घरी चाचणी करता येईल अशी सोय केली होती. ती १ एप्रिल २०२२ रोजी बहुतेकांसाठी बंद झाली. संचात काय असते? कापसाचे बोंड लावलेली एक लांब काडी, थोडासा द्राव असलेली कुपी आणि प्लॅस्टिकच्या डबीत बसवलेली कागदासारखी पट्टी. काडी नाकात फिरवायची, द्रावात घोळवायची, आणि त्या द्रावाचे दोन-चार थेंब पट्टीच्या एका टोकाला टाकायचे. मग थेंब आपोआप पट्टीवरून पुढे सरकू लागतात. त्यांना कोण ढकलते? पंप नाही, उतार नाही. कंदिलाच्या वातीतून रॉकेल वर चढते ना, तेच हे केशाकर्षण. पट्टीतील अतिसूक्ष्म छिद्रे म्हणजे हजारो केशनळ्याच आहेत.

इथे एक प्रयोग करून पाहा. टिपकागदाची किंवा गाळणकागदाची बोटभर रुंद, लांब पट्टी कापा. तिच्यावर पेन्सिलीने १, २ आणि ३ सेंटीमीटरवर खुणा करा. पट्टीचे टोक रंगीत पाण्यात जेमतेम बुडवा आणि पाणी प्रत्येक खुणेपाशी किती सेकंदांनी पोचते ते घड्याळावर मोजा. पहिल्या सेंटीमीटरला समजा १० सेकंद लागले, तर दुसऱ्या खुणेपाशी पोचायला २० नव्हे, सुमारे ४० सेकंद लागतील, आणि तिसऱ्या खुणेला ९० च्या आसपास. अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. कारण पाणी जितके पुढे जाते तितकी मागची ओली वाट लांबते आणि तिचा घर्षणविरोध वाढतो. तुमचे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, पण कल निश्चित दिसेल. उत्पादक संचावर "१५ ते ३० मिनिटांनीच वाचा" असे छापतात त्याचे कारणही इथे आहे. घाई केली तर द्राव पुरेसा सरकलेला नसतो. दोन तासांनी पाहिले तर पट्टी वाळताना उगाच एखादी फिकट रेघ उमटलेली असू शकते, आणि ती कशाचीच खूण नसते.

आता रेघेचा रंग. ती लालसर असते, पण तिथे कोणताही लाल रंग वापरलेला नसतो. बहुतेक संचांत वापरलेले असते सोने! सोन्याचे कण सुमारे ४० नॅनोमीटर एवढे बारीक केले, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढे, की ते पिवळे दिसत नाहीत. प्रकाशलहरी अशा कणावर आदळली की कणातले इलेक्ट्रॉन एकसाथ हेलकावू लागतात. हिरव्या प्रकाशाची वारंवारता या हेलकाव्यांशी जुळते, म्हणून हिरवा प्रकाश शोषला जातो आणि उरलेला आपल्याला माणकासारखा लाल दिसतो. सोन्याच्या अशा माणिकरंगी द्रावाचा पद्धतशीर अभ्यास मायकेल फॅरडेने १८५७ साली केला होता. विद्युत्-चुंबकत्वातल्या त्या फॅरडेचे सोने दीडशे वर्षांनी लोकांच्या नाकापर्यंत पोचेल, असे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

या सोन्याच्या कणांना प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. प्रतिपिंड म्हणजे एका विशिष्ट प्रथिनाला ओळखून घट्ट धरून ठेवणारा रेणू. नाकातल्या द्रावात विषाणूचे प्रथिन असेल तर सोन्याचा कण त्याला धरतो आणि दोघे मिळून पट्टीवरून पुढे सरकतात. वाटेत 'टी' अक्षरापाशी पट्टीवरच पक्की बसवलेली दुसरी प्रतिपिंडे टपून असतात. ती त्या प्रथिनाला दुसऱ्या बाजूने पकडतात. असे पुष्कळ कण एका ओळीत अडकले की रेघ दिसते. पुढे 'सी' अक्षरापाशी असलेली प्रतिपिंडे मात्र विषाणू असो वा नसो, सोन्याच्या कणांवरच्या प्रतिपिंडांनाच धरतात. म्हणून 'सी'ची रेघ दिसली तर द्राव शेवटपर्यंत नीट पोचला असे समजायचे, आणि ती दिसली नाही तर चाचणी रद्द. माझ्या विद्यार्थिनीने सोमवारच्या पट्टीचे छायाचित्र ठेवले होते. त्यात 'सी'ची रेघ ठसठशीत होती. संचाने आपले काम बरोबर केले होते.

मग विषाणू होता, तरी रेघ का नाही?

"पुष्कळ कण" या शब्दांत सगळे आहे. दहा-वीस कण अडकले तर डोळ्याला काहीच दिसत नाही. रेघ दिसण्यासाठी नमुन्यात विषाणूंची एक किमान संख्या लागते. तिला आपण उंबरठा म्हणू. आणि विषाणू शरीरात आल्यावर सुरुवातीला दामदुपटीने वाढतो. एक उदाहरण सोडवू. यातले आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, पण ते वस्तुस्थितीपासून फार दूर नाहीत. समजा, पट्टीचा उंबरठा १,००,००० आहे. सोमवारी संध्याकाळी ७ वाजता नमुन्यात ४,००० विषाणू होते आणि ते दर ६ तासांनी दुप्पट होत होते. बुधवारी संध्याकाळी ७ पर्यंत ४८ तास, म्हणजे ८ दुपटी झाल्या. २ चा आठवा घात २५६. म्हणून बुधवारची संख्या ४,००० × २५६ = १०,२४,०००. सोमवारी उंबरठ्याच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढा असलेला विषाणू बुधवारी उंबरठ्याच्या दसपट झाला!

उंबरठा नेमका कधी ओलांडला? ४,००० चे १,००,००० होण्यासाठी २५ पट वाढ हवी. २ चा कितवा घात २५ होतो? लॉगरिथमच्या कोष्टकात पाहा: २५ चा लॉग १.३९८, २ चा लॉग ०.३०१. भागाकार सुमारे ४.६४. इतक्या दुपटींना ६ तासांच्या हिशेबाने जवळजवळ २८ तास लागतात. म्हणजे मंगळवारी रात्री ११ च्या सुमारास. त्याआधी ती चाचणी दहादा केली असती तरी एकच रेघ आली असती.

एका रेघेचा अर्थ तिने "मला करोना नाही" असा घेतला. पट्टी एवढेच म्हणत होती की "या क्षणी, या नमुन्यात, माझ्या उंबरठ्याच्या वर काही नाही." या दोन वाक्यांतल्या फरकावर तीन तासांचे जेवण झाले. आजींनाही पुढच्या रविवारी ताप आला. त्यांचे लशीचे तीन डोस झालेले होते; चार दिवसांत त्या बऱ्या झाल्या. संसर्ग त्या जेवणात झाला की बाजारात, हे कोणालाच सांगता येणार नाही, पण मुलगी महिनाभर बेचैन होती.

आता तुम्ही विचाराल, उंबरठा खाली आणता येणार नाही का? येतो. तीच आरटी-पीसीआर चाचणी. ती सापडलेल्या वस्तूचीच संख्या वाढवते. करोनाचा जनुकीय धागा आरएनएचा असतो. आधी त्याची डीएनएमध्ये नक्कल करतात. मग मिश्रण सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की डीएनएच्या दुहेरी गोफाचे दोन धागे सुटे होतात. सुमारे ६० अंशांपर्यंत थंड केले की प्रत्येक धाग्यावर नवा जोडीदार विणला जातो. एकाचे दोन झाले. पुन्हा तापवा, पुन्हा थंड करा: दोनाचे चार. अशा ३० फेऱ्यांत एका रेणूचे १०७ कोटींहून अधिक रेणू होतात. ही कल्पना कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये, म्हणे, मोटार चालवताना सुचली आणि १९९३ चे नोबेल पारितोषिक देऊन गेली. ९५ अंशांनाही न बिघडणारे जे विणकर विकर त्यासाठी लागते, ते अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत सापडलेल्या एका जिवाणूकडून मिळाले. आमच्या वज्रेश्वरीच्या किंवा उन्हेऱ्याच्या कुंडांतही असे उष्णताप्रेमी जीव असणार, हे तुम्ही पुढच्या सहलीला लक्षात ठेवा.

प्रत्येक फेरीत मिश्रणात चमक वाढत जाते, आणि ती ठरावीक पातळी ओलांडते त्या फेरीच्या क्रमांकाला सीटी म्हणतात. विषाणू जितके जास्त, तितकी ही पातळी लवकर गाठली जाते. म्हणजे सीटी मूल्य लहान तर विषाणू जास्त, हे उलटे गणित ध्यानात घ्या. एका रुग्णाचे सीटी २० आणि दुसऱ्याचे ३० असेल तर फरक दीडपट नाही. तो २ चा दहावा घात, म्हणजे १,०२४ पट आहे. साधारणपणे सीटी पंचविशीच्या आत असेल तर पट्टी बहुधा पकडते, तिशी ओलांडली की बहुधा नाही.

या तीक्ष्ण नजरेचा एक तोटाही आहे. माणूस बरा झाल्यावर कित्येक आठवडे नाकात आरएनएचे मेलेले तुकडे राहू शकतात आणि पीसीआर तेही दाखवते. २०२१ मध्ये कित्येक जण बरे होऊनही केवळ या तुकड्यांमुळे परदेशी अडकून पडले. अमेरिकेने २६ जानेवारी २०२१ ते १२ जून २०२२ या काळात विमानाने येणाऱ्यांकडून चाचणीचा दाखला मागितला, पण नुकत्याच बऱ्या झालेल्यांसाठी तसा वैद्यकीय दाखला चालेल अशी सोय ठेवली होती. ती शहाणपणाची होती.

विमान आणि विषाणू यांचा संबंध आपल्याकडे वेगळा सांगायला नको. ३० जानेवारी २०२० रोजी देशातला पहिला करोना रुग्ण आढळला तो वूहानहून केरळला परतलेला विद्यार्थी. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले रुग्ण सापडले ते दुबईहून पुण्याला आलेले प्रवासी. त्यांच्या तपासणीला उपयोगी पडली ती पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, जी १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली होती. त्याच मार्चअखेर पुण्यातच देशी पीसीआर संच तयार झाला. आणि आमच्या पनवेलच्या बाजूला एप्रिल २०२० च्या आरंभीच केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे ११ जवान बाधित आढळले. ते मुंबईच्या विमानतळावर पहारा देणारे होते. आता तर आमच्या पनवेल तालुक्यातच विमानतळ झाला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि त्याच डिसेंबरात उड्डाणे सुरू झाली.

लशीकडे वळू. माझ्या विद्यार्थिनीने कोव्हिशील्डचा पहिला डोस पनवेलला जून २०२१ मध्ये घेतला. तेव्हा दोन डोसांतले अंतर नुकतेच, १३ मे रोजी, १२ ते १६ आठवडे केले होते. हे अंतर वाढवण्यामागे शास्त्र होते. पहिल्या डोसानंतर शरीरातील स्मरणपेशी हळूहळू अधिक अचूक प्रतिपिंडे करायला शिकतात. त्यांना वेळ दिला तर दुसऱ्या डोसाला मिळणारा प्रतिसाद जोरदार होतो. पण विलायतेची विद्यापीठे सप्टेंबरात उघडतात. १२ आठवडे थांबायचे कसे? म्हणून ७ जून २०२१ रोजी केंद्र सरकारने शिक्षण किंवा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना आणि टोकियो ऑलिंपिकच्या पथकाला २८ दिवसांनी दुसरा डोस घेण्याची मुभा दिली. दाखल्यावर पारपत्राचा क्रमांकही घालून मिळू लागला.

ती दोन्ही डोस घेऊन सप्टेंबरात तिकडे पोचली, आणि तरीही दहा दिवस खोलीत कोंडून राहिली, दुसऱ्या आणि आठव्या दिवशी चाचणी देत. कारण तिच्या दंडात गेलेली लस ऑक्सफर्डमध्येच जन्मलेली असली, तरी भारतात घेतलेल्या डोसांचा दाखला तेव्हा ब्रिटनला मान्य नव्हता. पुष्कळ वाद झाला, भारतानेही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना तशीच अट घातली, आणि ११ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनने आपली अट काढली. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना तर जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता येईपर्यंत, म्हणजे ३ नोव्हेंबर २०२१ पर्यंत, अनेक देशांची दारे बंदच होती. माझे स्पष्ट मत असे, की या सगळ्यात विज्ञान थोडे आणि कागद फार होता. तरी कागद लागतोच. पीतज्वराच्या लशीचा पिवळा दाखला आफ्रिकेतल्या कित्येक देशांत जाणाऱ्यांना आजही दाखवावा लागतो.

वर्गात हमखास येणारी एक शंका इथेच सोडवू: लस घेतल्याने चाचणीत दोन रेघा येतील का? नाही. कोव्हिशील्ड शरीराला विषाणूच्या बाहेरच्या काट्याचे प्रथिन तेवढे ओळखायला लावते. घरच्या पट्ट्या बहुधा विषाणूच्या आतल्या, आरएनएला गुंडाळलेल्या प्रथिनाचा शोध घेतात. शिवाय लस दंडात टोचली जाते आणि काडी फिरते नाकात.

करोनापेक्षा जुना पाहुणा म्हणजे इन्फ्लुएन्झा. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा तिथल्या शाळा बंद झाल्या होत्या. तुमच्या शिक्षकांना आठवत असेल. हा विषाणू आपले बाह्यरूप सतत पालटतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लशीत कोणते वाण घालायचे ते सुचवतात. इंग्लंडात फ्लू हिवाळ्यात येतो, म्हणून तिथे ही लस शरद ऋतूत देतात. पण आपण भौगोलिकदृष्ट्या उत्तर गोलार्धात असूनही आपल्या कोकणपट्टीत आणि पुण्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो! त्यामुळे ऑक्टोबरात तिकडे लस घेतलेला मुलगा जुलैत पनवेलला सुटीवर आला, तर त्याचे संरक्षण ओसरलेले असण्याचा संभव आहे. लस टोचल्यावर तिचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात, तेही हिशेबात धरावे. विमानात बसण्याच्या आदल्या दिवशी टोचून घेऊन प्रवासापुरता फायदा होत नाही.

पुन्हा एकदा त्या एका रेघेकडे. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये दर १५ माणसांत सुमारे १ जण बाधित होता, असा तिथल्या सरकारी सांख्यिकी खात्याचा अंदाज होता. समजा, अशा १,५०० जणांनी पट्टीची चाचणी केली. त्यांत बाधित १००. पट्टी १०० पैकी ७० जणांना पकडते असे धरू आणि निरोगी १,००० पैकी ५ जणांना चुकून दोन रेघा दाखवते असे धरू. तर ७० खरे बाधित आणि १,४०० निरोग्यांपैकी ७ जण, मिळून ७७ जणांना दोन रेघा येतील. त्यांतले ७० खरोखर आजारी. म्हणजे दोन रेघा आल्या तर विश्वास ठेवायला हरकत नाही. उरलेल्या १,४२३ जणांना एकच रेघ, पण त्यांत ३० बाधित लपलेले आहेत. शेकडा दोनहून जरा जास्त. आणि ज्याचा घसा सकाळपासून खवखवतो आहे, त्याच्यासाठी हे प्रमाण शेकडा दोनवर थांबणार नाही. घशाची तक्रार हीसुद्धा एक चाचणीच होती, आणि सोमवारी तिचा निकाल आधीच लागलेला होता. हे मी तिला कळवले तेव्हा तिचे उत्तर आले, "सर, हे मला कोणी आधी सांगितले असते तर!" मी वर्गात दामदुपटीची उदाहरणे वर्षानुवर्षे बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांवर घालत आलो, नाकावर कधी घातली नाहीत, ही चूक माझी.

ती अजून तिकडेच आहे, आता नोकरी करते. आजींकडे जाण्याआधी सर्दी-खोकला असेल तर ती जातच नाही, फोनवर बोलते. पाहुण्यांच्या घोळक्यातून येऊन जायचे असेल तर संच विकत आणून ४८ तासांच्या अंतराने दोन चाचण्या करते. हे अंतर तिने आपल्या मनाने ठरवलेले नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनीही २०२२ मध्ये एक रेघ आली असता किमान ४८ तासांनी पुन्हा चाचणी करण्याचा सल्ला दिला होता, आणि तो का, हे तुम्हाला वरच्या हिशेबावरून कळलेच असेल.

तुमच्यासाठी एक उदाहरण. विषाणूची दुप्पट ६ ऐवजी ८ तासांनी होते असे समजा. बाकी आकडे तेच ठेवा. उंबरठा बुधवारी किती वाजता ओलांडला जाईल? आणि दुसरी चाचणी तिने बुधवारी संध्याकाळी करण्याऐवजी मंगळवारी रात्री १० वाजता केली असती, तर तिला एक रेघ दिसली असती की दोन? वहीत आलेखही काढा: आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर विषाणूंच्या संख्येचा लॉग. रेषा सरळ येते की वक्र, ते पाहा आणि शिक्षकांना दाखवा.